होडी भरली आहे

२ डिसेंबर

आलो एकदाचे. ट्रकमधलं सामान उतरवायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ माझा नवरा, ताकेहिको, व्हरांड्यातून मला सूचना देत होता. ते खोकं उलटं धरलंयस, कपाट आधी आत ने, गाद्या मग. पक्षाघातानंतर त्याची उजवी बाजू कामातून गेली, पण जिभेला काही झालेलं नाही. याबद्दल देवाचे आभार मानायचे की नाही, ते अजून ठरायचंय.

घर मात्र छान मिळालं. ओमुतातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुराड्यात त्याला खाली न्यायचं म्हणजे शेजाऱ्यांना हाका माराव्या लागत. इथे मागचं दार उघडलं की व्हरांडा, पुढे चार हात अंगण, आणि अंगण संपतं तिथून दगडी पायऱ्या थेट कालव्यात उतरतात. या यानागावा शहरातल्या सगळ्या जुन्या घरांना अशा पायऱ्या आहेत. पूर्वी बायका इथे तांदूळ धुवायच्या, आता नुसतं शेवाळ.

त्याची खुर्ची व्हरांड्यात लावली. समोरून पर्यटकांची होडी गेली, लोकांनी हात हलवले, आणि त्याने डावा हात वर करून हलवला. दीड वर्षात त्याने आपणहून कोणाला हात केलेला मी पाहिला नव्हता. भांडी लावायचं निमित्त करून आत गेले आणि थोडं रडून घेतलं.

परवापासून नोकरी. एकोणीस वर्षं बस चालवली, आता पन्नाशीला टेकल्यावर होडी. इंजिन नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही. ताकेहिको म्हणतो, निदान आता सिग्नलला शिव्या घालायच्या राहतील.

४ डिसेंबर

साडेसातला धक्क्यावर हजर. तिकीट खिडकीतल्या इकुयोसाननी मला टोपी दिली, निळा अंगरखा दिला आणि दहा मिनिटांत सगळ्या नावाड्यांची कुंडली मांडली. या एका जागेसाठी सात जण आले होते म्हणे. त्यात दोन चांगले दांडगे पुरुष होते, तरी इथल्या सगळ्यात जुन्या नावाड्याने, उमेझाकीसाननी, निवडलं मला.

"तीस वर्षांत म्हाताऱ्यानं कोणाला शिकवायला घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय खायला घातलंत त्याला?"

काही नाही. मुलाखतीत उमेझाकीसाननी मला एकच प्रश्न विचारला होता. बस चालवताना थांब्यावर उभ्या माणसाला कधी मागे टाकून गेलीस का? मी म्हटलं, एकदाही नाही. धावत येणाऱ्यांसाठीसुद्धा थांबले आहे आणि त्यापायी दोनदा लेखी समज घेतली आहे. ते नुसतं 'हं' म्हणाले होते.

उमेझाकीसान चौऱ्याहत्तर वर्षांचे. बोलणं मोजकं. लांब बांबू हातात आला की मात्र वय विसरायला होतं. आज मी बांबू तळच्या चिखलात रोवला आणि काढायचा विसरले. होडी पुढे, बांबू मागे, आणि मी दोघांच्या मधे लोंबकळत. ते शांतपणे म्हणाले, "बांबू सोडायचा असतो, पोरी. होडी नाही." बाकीचे नावाडी खो खो हसले. या वयात कोणी पोरी म्हटलं म्हणून मी मनातून खूश.

११ डिसेंबर

हात भरून आलेत, पेन धरवत नाही. पण रोजची नोंद करायची सवय बसच्या नोकरीतली, ती सुटत नाही.

आज पूल शिकले. इथले काही पूल इतके बुटके की नावाड्याने "डोकी खाली!" म्हणून ओरडायचं, उतारूंनी वाकायचं आणि आपणही गुडघ्यांवर बसायचं. दोन-तीन क्षण अंधार, मग सगळे हसत माना वर करतात. लोकांना तेच सगळ्यात आवडतं.

सगळ्यात बुटक्या पुलापलीकडे आंबवलेल्या सोयाबीनची, मिसोची जुनी वखार आहे. तिच्या मागच्या भिंतीला पायऱ्या आहेत, वरचं दार केव्हाच विटांनी बुजवलेलं. तिथून जाताना उमेझाकीसान त्या पायऱ्यांच्या दिशेने, मान न वळवता, अगदी अदबीने म्हणाले, "माफ करा, होडी भरली आहे."

होडीत सोळा माणसं मावतात, होती चार. उतारू एकमेकांकडे बघून हसले. मलाही गंमत वाटली. परत येताना होडी रिकामी होती, तरी ते तेच म्हणाले. मग मला सांगितलं, "इथे हे म्हणायचं. होडी भरलेली असो नाहीतर रिकामी. थांबायचं नाही." कोणाला म्हणायचं, मी विचारलं. ते म्हणाले, उद्या गारठा वाढेल.

प्रत्येक धंद्यात असलं काहीतरी असतं. आमच्या डेपोत एक जण सीटवर बसण्याआधी चाकाला तीनदा लाथ मारायचा.

१९ डिसेंबर

पहिली एकटीची फेरी. नऊ उतारू, एकही पाण्यात पडला नाही. वखारीशी मी तो नियमही पाळला, स्वतःचाच आवाज ऐकून कसनुसं झालं. पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

आमच्या घरामागून जाताना ताकेहिको व्हरांड्यात बसलेला. सगळ्या उतारूंसमोर ओरडला, "ओ काकू, होडी वाकडी चाललीय!" उतारू हसून हसून बेजार. मी त्यांना सांगितलं नाही की तो माझा नवरा आहे. रात्री खास वाम मासा आणला, भातावर वाफवलेला, त्याच्या आवडीचा. चांगले दिवस येणार असं वाटतं.

२७ डिसेंबर

आता रजईच्या होड्या सुरू झाल्या. मधे निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर रजई, उतारू पाय आत घालून बसतात.

आज वखारीच्या पायऱ्यांवर एक बाई होती. चाळिशीची असेल. निळा एप्रन, काखेत लहानसं गाठोडं, पाय अनवाणी. मान खाली, आपण पुलाखाली वाकवतो तशी. तिने विचारलं, जागा आहे का? होडीत पाच जण होते. मी म्हटलं, माफ करा, भरली आहे. ती म्हणाली, "बरं, उद्या."

मला माझीच लाज वाटली. उतारू काही बोलले नाहीत, त्यांना ती दिसली की नाही कोण जाणे.

संध्याकाळी उमेझाकीसानना सांगितलं. वाटलं, ओरडतील. पण त्यांनी एवढंच विचारलं की तिला थंडी वाजत होती का. मी म्हटलं, अनवाणी होती, वाजणारच. ते बराच वेळ बांबू पुसत बसले.

८ जानेवारी

उमेझाकीसान आजारी म्हणून आले नाहीत. इकुयोसान म्हणाल्या, कॅलेंडरवर खूण करून ठेवा, असं कधी झालं नव्हतं. माझ्याकडे चार फेऱ्या आल्या. दुपारपासून बर्फाळ पाऊस. तीनची फेरी सोडून रिकामी होडी परत आणत होते. ती पायऱ्यांवर, तशीच. पाऊस तिच्या मानेवरून आत जात होता.

जागा आहे का, तिने विचारलं.

माझ्यासमोर पंधरा-सोळा माणसांची रिकामी जागा, मधे उबदार रजई. कोणाच्या तरी लहरीखातर मी तिला खोटं सांगायचं? मी बांबू रोवला, होडी पायरीला लावली आणि म्हटलं, या, बसा. ती बसली. बसमध्ये सगळ्यांना विचारायचे तसं विचारलं, कुठे उतरणार?

"तुम्ही उतराल तिथे," ती म्हणाली.

पुलाखाली मी डोकं खाली घ्यायला सांगितलं, पण तिचं खालीच होतं. धक्क्याला लागून मागे वळले तर रजईखाली कोणी नाही. गादी मात्र पिळून काढावी इतकी ओली.

आणि धक्क्यावर उमेझाकीसान उभे. आजारी माणूस, छत्रीसुद्धा नाही. त्यांनी गादीकडे पाहिलं. विचारलं, "बसली?" मी हो म्हटलं. वाटलं होतं आता नोकरी जाणार. त्यांनी टोपी काढली आणि पाठ फिरवून उभे राहिले. खांदे हलत होते.

घरी आले तर ताकेहिको म्हणाला, तुझी मैत्रीण तुझ्या दोन मिनिटं आधी येऊन गेली. मागच्या पायऱ्यांनी वर आली, हे नावाडीणबाईंचं घर ना म्हणाली, आणि गेली. व्हरांड्याच्या फळ्यांवर अनवाणी पावलांचे ओले ठसे. वर येणारे होते. परत जाणारे नव्हते.

१५ जानेवारी

ती रोज येते. मी कामावर असते तेव्हा. ताकेहिको सांगतो, व्हरांड्याच्या टोकाला बसते, फार बोलत नाही, मान वर करत नाही. त्याचा पाय चोळून देते. मी म्हटलं, परक्या बाईला पाय द्यायला लाज नाही वाटत? तो म्हणाला, "तू चोळतेस तेव्हा बसचा गिअर टाकल्यासारखं वाटतं." हसले. पण त्याला सांगितलं, मी घरी असताना बोलाव तिला.

आज त्याने उजव्या पायाचा अंगठा हलवून दाखवला.

खरं सांगायचं तर आनंदाने वेडी व्हायची वेळ आली होती. मग मी तो पाय हातात घेतला. कालव्यातून नुकता बाहेर काढल्यासारखा गार. तासभर गरम पाण्यात धरून ठेवला, पाणी गार झालं.

२४ जानेवारी

तो चालला. चार पावलं. डॉक्टर म्हणाले होते कधी चालणार नाही. चार पावलं, भिंतीला न धरता.

सगळी पायऱ्यांच्या दिशेने.

घरातल्या चटयांना बुरशी आली आहे. रोज पुसते, रोज ओल्या.

२ फेब्रुवारी

त्याची मान खाली गेली आहे. हनुवटी छातीला लावून बसतो. डॉक्टर म्हणाले स्नायू कमजोर झालेत, पट्टा लावा. पट्टा लावला की जेवत नाही. मी होडीतून जाते तेव्हा हात करत नाही, वर बघतही नाही. काल मुद्दाम होडी वाकडी चालवली. काही बोलला नाही.

उमेझाकीसानना गाठायला गेले तर इकुयोसान म्हणाल्या, त्यांनी नऊ जानेवारीलाच नोकरी सोडली. मी समजत होते, अजून आजारीच आहेत. मी त्या बाईबद्दल विचारलं. निळा एप्रन म्हटल्यावर इकुयोसाननी खिडकी लावून घेतली, बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या. उमेझाकीसानची बायको, तोमिए. सव्वीस वर्षांपूर्वी घरामागच्या पायऱ्यांवरून गेली. प्रेत मिळालं नाही. दरवर्षी फेब्रुवारीत कालवे रिकामे करतात तेव्हा म्हातारा सगळ्यांआधी चिखलात उतरायचा आणि हातांनी उकरायचा.

मी विचारलं, या वर्षी?

त्या म्हणाल्या, या वर्षी तो म्हणाला, गरज नाही.

९ फेब्रुवारी

रजा घेतली. मागचं दार बंद केलं, आडव्या फळ्या मारल्या, खिळे ठोकले. ताकेहिकोची खुर्ची पुढच्या खोलीत. तो विरोध करत नाही. फक्त विचारतो, होडी किती वाजता येते.

दुपारी मागच्या दाराबाहेर कोणीतरी बसलं. ऐकू आलं. टेकून बसलं.

त्याचा उजवा हात आपोआप दाराच्या दिशेने उचलला गेला. दीड वर्षं न उचललेला हात.

१२ फेब्रुवारी

परवा कालव्यांचे दरवाजे लावणार. दहा दिवस पाणी नाही. एकदा पाणी गेलं की ती कुठून येणार? दोन दिवस काढायचे फक्त. मी त्याच्या मनगटाला माझ्या अंगरख्याचा पट्टा बांधून दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधलं आहे. जेवतानाही.

त्याला म्हटलं, मला काकू म्हण ना एकदा. म्हणाला नाही.

१४ फेब्रुवारी

पाणी उतरायला लागलं. सकाळी दोन पायऱ्या जास्त दिसल्या. मला इतकं हायसं वाटलं की —

त्याचं औषध संपलं होतं. दुकान कोपऱ्यावर. पट्टा सोडला. दहा मिनिटं. दहासुद्धा नाहीत.

खिळे आतून काढलेले. सगळे ओळीने फळीवर मांडून ठेवलेले. त्याच्या सपाता शेवटच्या पायरीवर नीट जोडीने, टोकं पाण्याकडे.

१६ फेब्रुवारी

कालवा रिकामा आहे. अग्निशमन दलाचे लोक, शेजारी, नावाडी, सगळे चिखलात. इकडच्या पुलापासून तिकडच्या पुलापर्यंत. एवढ्याशा पाण्यात माणूस हरवतो कुठे, असं एक जण म्हणाला, मग मला बघून खाली वाकून गाळ उपसायला लागला.

तो नाही मिळाला.

आमच्या पायऱ्यांखाली, वीतभर गाळात, हाडं मिळाली. बाईची. निळ्या कापडाचे तुकडे, एक कंगवा. मागच्या वर्षी हीच जागा उपसली होती, तेव्हा तिथे काही नव्हतं, असं गाळ काढणारे शपथेवर सांगतात.

१७ फेब्रुवारी

उमेझाकीसान आले. व्हरांड्यात गुडघे टेकून कपाळ फळीला लावलं. पहिल्यांदा मला अहोजाहो केलं.

"मी तुम्हाला नियम सांगितला होता," ते म्हणाले.

"कारण नव्हतं सांगितलं."

"कारण सांगितलं असतं तर तुम्ही तिला घेतलं नसतंत."

मग सगळं सांगितलं. त्या पायऱ्यांवर कोणीतरी असतंच, त्यांच्या वडिलांच्या आधीपासून. जागा आहे का विचारतं. जो जागा देईल त्याच्या घरी उतरतं, आणि मग त्या घरातलं एक माणूस पायऱ्यांवर जातं. सव्वीस वर्षांपूर्वी पाऊस होता म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला होडीत घेतलं. तीन आठवड्यांनी तोमिए गेली. तेव्हापासून रोज, जाताना आणि येताना, ते स्वतःच्या बायकोला सांगत आले की होडी भरली आहे. घरात मुलगी होती. मग नातवंडं झाली. घेणार कशी.

म्हणून माझ्यासारखी शोधली. थांब्यावर कोणाला न टाकणारी.

मी विचारलं, इतक्या वर्षांत ती आणखी काय बोलली? ते म्हणाले, एवढंच. बरं, उद्या. मी विचारलं, चेहरा तसाच होता का तिचा? म्हणाले, तिने मान कधी वर केली नाही.

पण आता हाडं मिळाली, विधी होईल, ती सुटली, असं ते म्हणाले. तीन वेळा म्हणाले. मला त्यांना मारायचं होतं. मी चहा दिला. त्यांनी तो प्यायला नाही, मी त्यांना थांबवलं नाही.

१९ फेब्रुवारी

चिखलातून चालत वखारीपर्यंत गेले. गुडघाभर. भर दुपार, ऊन.

तो तिथे आहे. तिसऱ्या पायरीवर. करडा स्वेटर, मी विणलेला. मान खाली.

जागा आहे का, त्याने विचारलं.

माझ्याकडे होडी नव्हती. मी त्याचा हात धरला, ओढला — हातात फक्त चिखल. तो पुन्हा पायरीवर. जागा आहे का.

कोरड्या कालव्यात बसून मी किती वेळ ओरडत होते माहीत नाही. गाळ काढणाऱ्यांनी उचलून आणलं. त्यांना पायरीवर कोणी दिसलं नाही.

२५ फेब्रुवारी

पाणी सोडलं. कामावर गेले. इकुयोसान नको म्हणत होत्या. घरी बसून काय करू?

तीन उतारू. तो पायरीवर. जागा आहे का.

म्हटलं. भरली आहे.

बरं, उद्या.

२६ फेब्रुवारी

दोनदा म्हटलं. जाताना. येताना.

येताना होडीत कोणीच नव्हतं.

१ मार्च

सहा वेळा. जीभ जड होते. आज एका उतारूबाईने विचारलं, कोणाशी बोलताय? मी म्हटलं, इथली पद्धत आहे.

ताकेहिको आज म्हणाला, थंडी वाजते. तोमिए सव्वीस वर्षांत दुसरं काही बोलली नव्हती. हा बोलतो. म्हणजे आत आहे तो. माझ्यासाठी बोलतो.

३ मार्च

मुलींचा सण. सोळाच्या सोळा जागा भरलेल्या, सगळ्या नटून आलेल्या. वखारीशी म्हटलं, माफ करा, होडी भरली आहे, आणि पहिल्यांदा ते खरं होतं. मला तेवढ्याने बरं वाटलं. कुठे येऊन पोचले मी.

५ मार्च

उमेझाकीसानच्या जागी नवीन माणूस घ्यायचंय. इकुयोसान म्हणाल्या, शिकवायला तुम्हीच, तेव्हा निवडा तुम्हीच. एक बाई आहे, बालवाडीत शिकवायची, आईबरोबर राहते, फार मायाळू.

दिवसभर मी त्या मायाळू बाईचा विचार केला. तिच्या आईचाही. आई किती वर्षांची असेल, किती दिवस राहिलेत तिचे. असा विचार केला. मी केला.

संध्याकाळी जाऊन सांगितलं, मी कोणाला शिकवणार नाही, आणि या बाईला घेऊ नका. इकुयोसान बाहेर आल्या. माझा हात धरून बसल्या.

८ मार्च

आज तो म्हणाला, पाय दुखत नाही आता.

घरातलं एक माणूस. माझ्या घरात एकच माणूस उरलंय. मुलगी नाही, नातवंडं नाहीत. उमेझाकीसानना जे करता आलं नाही ते मला येतं. त्याला घरी आणायचं. त्याची हाडं मिळतील, विधी होईल, तो सुटेल. मग पायरीवर मी. मी विचारेन, नावाडी भरली आहे म्हणतील. चालेल. एकोणीस वर्षं लोकांना वाट बघायला लावली, आता मी बघेन.

इकुयोसानसाठी चिठ्ठी लिहिली. वखारीशी कोणी थांबायचं नाही, मी विचारलं तरी नाही. पावसात विचारलं तरी नाही. कारणही लिहिलं, सगळं.

१० मार्च

सकाळी दहा. रिकामी होडी. बांबू रोवला, होडी पायरीला लावली. जागा आहे का, तो म्हणाला. मी म्हटलं, आहे रे, ये.

पाय अजिबात न अडखळता उतरला. रजईखाली बसला. कुठे उतरणार, ते मी विचारलं नाही.

ती नाहीशी झाली होती तसा तो वाटेत नाहीसा झाला नाही. आमच्या पायऱ्यांपर्यंत आला. वर चढला. माझ्याबरोबर.

अकरा वाजले. व्हरांड्यात आहोत. तो त्याच्या खुर्चीत, मी समोर पायरीवर, वही मांडीवर. भात लावला आहे. ऊन चांगलं पडलंय. स्वेटरमधून पाणी गळतंय. मी टॉवेल दिला, त्याने घेतला नाही. बोलले त्याच्याशी, सगळं सांगितलं, घर कसं रिकामं झालं ते, चिठ्ठी लिहिली ते. तो ऐकतोय. भीती वाटत नाही मला. खरंच नाही.

काकू म्हण म्हटलं. म्हणाला, "काकू." त्याच्या आवाजात. पण सूर माझा, मी म्हटलं तसंच्या तसं. जसं मी म्हटलं —

आणि स्वेटर पाठीवर सैल लोंबतोय. ताकेहिकोला तो घट्ट व्हायचा.

मी म्हटलं, आता घरी आलास, आता तरी मान वर कर. बघू दे मला एकदा.

तो हसला. मान वर करतोय. हळूहळू. मी लिहीत राहते, हात चालू राहिला म्हणजे — केस आधी दिसले, ओले. कपाळ. कपाळावर ती खूण नाही. लग्नाआधीपासूनची, सायकलवरून पडल्याची — नाही. पुसलेली नाही. नव्हतीच. डोळे अजून मिटलेले. हे ताकेहिकोचं तोंड नाही. मग ताकेहिको कुठे आहे. सव्वीस वर्षं तोमिए कुठे — म्हाताऱ्याने रोज कोणाला — डोळे उघडतोय, मी वहीकडेच बघते आहे, वहीकडेच, पानावर पाणी पडतंय, तो वाकून वाचतो आहे मी काय लि